सावकाशबाईंचा सत्कार

"लाइन चांगली आहे. मीच अशी बोलते. फोन ठेवू नका, सावकाश ऐका."

पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई दिवसभर हेच म्हणते. त्यावरून ऑफिसने तिचं नाव सावकाशबाई ठेवलं. तिनेही ते घेतलं. शाळेतल्या नावांपेक्षा हे पुष्कळ बरं आहे, म्हणाली.

जन्मतानाच मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी झाली. उजवा हात मुठीत वळलेला, पाय एकमेकांत अडकतात म्हणून वॉकर, आणि जीभ मनाच्या चार पावलं मागून चालते. डोकं असं तल्लख की माझ्यासारखीने जपून राहावं. पण लोक एकदा बघतात आणि ठरवून टाकतात की ही बहिरी, खुळी आणि बिचारी आहे. तिन्ही एकदम. मग तिच्याशी ओरडून बोलतात आणि उत्तर मला विचारतात. "ह्या चहा घेतात का?" मी म्हणते, "मला काय विचारता? ती काय भिंत आहे का? समोर बसलीय, तिला विचारा."

मी काही फार गोड बाई नाही. ती माझ्याहून कडू आहे, म्हणून आमचं जमतं.

फोनवर कुणी विचारतं, "प्यायलीस काय गं?" ती म्हणते, "अजून नाही. तुमच्या नळाचं सांगा." शिव्या खाते, भांडते, आणि तरी त्या फोनवर तिचा जीव आहे. का, ते तिने मला एकदा सांगितलं. नळ कोरडा पडलेल्या माणसाला कीव करायला सवड नसते. शिवाय फोनवर तिच्या शेजारी कुणी नसतं. जे विचारायचं ते तिलाच विचारावं लागतं.

एरवी शेजारी तिची आई असते. रोज सोडायला येते, न्यायला येते. ताठ म्हातारी, लेकीसाठी उभा जन्म झिजवलेली. जगाशी वाकडं नको हे तिचं धोरण, आणि "तिला म्हणायचंय की" हे पालुपद. लेक म्हणाली, चहा गार आहे, की आई चहावाल्याला सांगणार, "छान झालाय म्हणते हो."

तर या सावकाशबाईंनी ऑफिसच्या जिन्याला कठडा मागितला. मागितला, पुन्हा मागितला, मागतच राहिल्या. ऑफिसने शेवटी मनावर घेतलं आणि अपंग दिनाला त्यांचा सत्कार ठरवला.

सत्कार वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. जिना तोच. दोन शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. दारात एकजण टाळ्या वाजवत म्हणाला, "काय ही जिद्द!" जिद्द शिपायांची होती. ते धापा टाकत होते.

आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. मी तिच्यामागे. साहेबांनी भाषणात "आपल्या या विशेष भगिनी" इतक्या वेळा म्हटलं की सावकाशबाई माझ्याकडे बघून पुटपुटली, "मी काय विशेषांक आहे?" मी हसू दाबलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि आता एक भेट! यांच्याच इच्छेला मान देऊन उद्यापासून आपण यांना फोनच्या कटकटीतून मोकळं करत आहोत. आतल्या खोलीत बसून जुन्या पाइपलाइनचे नकाशे गुंडाळून ठेवायचे. निवांत काम!"

टाळ्यांचा कडकडाट. नकाशे गुंडाळायला दोन हात लागतात, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तिच्या मनाला काही लागलं की अंग ताठ होतं. तसं झालं. मान वळली, हात वर गेला, तोंड वाकडं झालं. साहेब कौतुकाने म्हणाले, "बघा, किती भारावल्यात!"

त्या आतल्या खोलीत फोन नाही, खिडकी नाही, माणूस नाही. तिथे ती वर्षभरात मुकी झाली असती.

तिने डाव्या हाताने माइक ओढला आणि बोलली. चिडली की शब्द आणखी घोटाळतात. हॉलला ओ की ठो कळलं नाही. साहेबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

मला अक्षर न् अक्षर कळलं होतं. सांगायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."

तोवर आई उभी राहिलीच होती. "तिला म्हणायचंय की ती सगळ्यांची फार आभा…"

"आई, खाली बस."

हे मात्र सगळ्यांना कळलं.

आमच्या कामात एक रीत आहे. तक्रार ऐकली की ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची. समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत त्याला सोडायचं नाही. रीत खुद्द साहेबांनीच लावलेली. सावकाशबाई म्हणाली, "साहेब, तक्रार आहे. ऐका, आणि परत म्हणा."

एवढं सांगायलाच बराच वेळ गेला. मग तिने तक्रार सांगितली. साहेब माइकवर हसून म्हणाले, "त्या म्हणतात, ऑफिसने माझ्यासाठी फार केलं."

"चूक."

पुन्हा सांगितली. साहेब चाचरत म्हणाले, "त्यांना, म्हणजे, विश्रांतीची गरज…"

"चूक."

कुणीतरी हसलं. साहेबांनी घाम पुसला, खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसून कान पुढे केला. ती एकेक शब्द ढकलत होती आणि साहेब एकेक उचलत होते.

"मी बदली मागितली नाही," साहेबांनी तिचे शब्द परत म्हटले.

"बरोबर."

"मला फोन हवा."

"बरोबर."

"मी कठडा मागितला होता. तुम्ही सत्कार दिलात."

"बरोबर."

"मला उचललंत, पण आधी विचारलं नाहीत. माझं काही ठरवायचं असेल तर मला विचारा. मला सांगायला वेळ लागेल. तो द्या."

हे सगळं साहेब स्वतःच्या तोंडाने, माइकवर म्हणत होते. 'कठडा' ऐकून मागच्या एका शिपायाने टाळी वाजवली. खुर्ची त्यानेच उचलली होती. त्याचा खांदा अजून दुखत होता.

"पण बाई," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले, "तुमच्या मातोश्रीच मला भेटून गेल्या. तुमचीच इच्छा म्हणाल्या."

सगळा हॉल आईकडे वळला. आई पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"फोन तुमच्याकडेच राहील," साहेब म्हणाले. तिने तेही परत म्हणवून घेतलं.

खाली आम्ही तिघी टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिलो. आईला चार शब्द सुनवायचे म्हणून मी पदरचा वेळ खर्चून थांबले होते. पण तिचा चेहरा बघून गप्प बसले.

"लोक फोनवर तुला घालूनपाडून बोलतात," आई म्हणाली. "मी दारात उभी राहून ऐकते. नाही सहन होत मला."

लेकीने वॉकर तिच्याकडे वळवला.

"तू बोलायला लागल्यापासून तुझं म्हणणं मीच सगळ्यांना सांगत आले. ते तरी बरोबर सांगत होते ना गं?"

सावकाशबाईने विचार केला. जीभ अडली म्हणून नव्हे, खरोखरच विचार केला.

"निम्मं," ती म्हणाली.

टॅक्सी आली. ड्रायव्हरने दार उघडलं. आई जागची हलली नाही. मग तिने हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं, तिथेच पायरीवर बसली, पर्स बाजूला ठेवली आणि मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"उरलेलं सांग," म्हणाली.

मी माझी पिशवी उचलली आणि चालू लागले. ते माझ्या ऐकण्याचं नव्हतं.