अडतिसावी प्रयोगवही

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. चोवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. आमच्या भागातल्या निम्म्या हडळी मी एकट्यानं खोट्या पाडल्या, उरलेल्या माझं नाव ऐकून आळेफाट्याला मिळेल ती एसटी धरून नाशिकला गेल्या... तरीही मागच्या वर्षी दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी जे झालं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आमची शाळा पिंपरी पेंढारच्या बाजूला. नाव सांगत नाही, मुख्याध्यापिका मॅडमही हे सदर वाचतात. दहावीत अडतीस मुलं. प्रात्यक्षिक वीस मार्कांचं, आणि तपासलेली प्रयोगवही जमा नसेल तर आमच्याकडे परीक्षेला बसू देत नाहीत.

वह्या जमा करायची शेवटची तारीख सोमवार. गठ्ठा मोजला. अडतीस. तेवढ्यात सानिया आली. तिच्या अब्बांचं आळेफाट्याला गॅरेज आहे. पोरगी इतकी गप्प, की हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची.

"सर, माझी वही सकाळी एसटीत राहिली."

"कुणीतरी आणून दिली असेल. अडतीस आहेत, मी मोजल्यात."

"पण सर..."

"अगं, मला मोजता येतं का नाही?"

गेली बिचारी.

बुधवारी सकाळी यादी घेऊन नावापुढे खुणा करायला बसलो. खुणा झाल्या सदतीस. सानियाची वही नाही. वह्या मोजल्या — अडतीस! पुन्हा नावं घेतली — सदतीस. आमचे शिपाई बाळूमामा, त्यांना बोलावलं. त्यांनी बोटाला थुंकी लावून सावकाश मोजल्या.

"अडतीस हायती, सर."

"नावं वाचा."

"चष्मा घरी राह्यलाय."

मग मी शास्त्रीय पद्धत काढली. अख्खा वर्ग बोलावला. एकेकानं यायचं, आपापली वही उचलायची. सदतीस जणांनी उचलल्या. टेबल रिकामं. सानिया मोकळ्या हातांनी उभी. म्हटलं, आता परत ठेवा. ठेवल्या. मोजल्या.

अडतीस.

मला जो घाम फुटला, त्यात माणिकडोह धरण भरलं असतं. मागून सोमनाथ म्हणाला, "सर, भूत बी दहावीला बसलंय वाटतं."

"बसू दे. फॉर्म भरलाय का त्यानं?"

सगळे हसले, मीही हसलो. सानिया हसली नाही.

मॅडम डोकावल्या. "आकडा बरोबर आहे ना? मग बांधा गठ्ठा. उद्या बाहेरचे परीक्षक येतायत." मी खरंच सुतळी हातात घेतली होती हो! तेव्हा ती पोरगी वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"सर, तुमची मोजणी राहू द्या. मी उद्या परीक्षेला बसणार का नाय, तेवढं सांगा."

सोमवारीच तिचं ऐकलं असतं, तर दोन दिवस मिळाले असते. मॅडमच्या हातापाया पडून पाच वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली. साडेबारा वाजले होते. सोळा प्रयोग, कोरी वही, आणि अक्षर तिचंच पाहिजे. वर्गातल्या पूजानं समासाच्या रेघा मारल्या, सोमनाथ आपल्या वहीतून कृती वाचून दाखवत राहिला. त्याच्या निरीक्षणात चूक सापडली की सानिया लिहिता लिहिताच म्हणायची, "लिटमस निळा झाला होता, येड्या." जेवली नाही. पाच रिफिली संपवल्या... बरं, एक संपवली.

पाचला दहा कमी असताना मी सही केली आणि ओल्या शाईची वही गठ्ठ्यावर ठेवली. आता एकोणचाळीस व्हायला हव्यात ना?

"मामा, मोजा."

मामांनी मोजल्या. माझ्याकडे बघितलं. पुन्हा मोजल्या.

"अडतीस."

नावंही अडतीस. सगळं जुळलेलं! सानिया दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसली, परीक्षकांना खणखणीत उत्तरं देऊन आली. एसटीतली वही काही मिळाली नाही, डेपोत चौकशी केली तरी नाही. मामा म्हणतात, "लई डोकं चालवू नका, सर. पोरीचं झालं ना?"

झालं. पण एक गोष्ट मी मॅडमना अजून सांगितलेली नाही. सोमवारी मोजता मोजताच मी सह्या ठोकल्या होत्या. पहिल्या पानावरचं प्रमाणपत्र उघडायचं, नाव न बघता सही, पुढची वही. बरेच मास्तर करतात, उगाच माझ्याकडे बघू नका. त्या दिवशीच्या सह्या अडतीस. सानियाची बुधवारची वेगळी, एकोणचाळिसावी.

म्हणजे 'सर्व प्रयोग स्वतः व समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत' असं मी कुणाला तरी लिहून दिलंय. त्यानं कसले प्रयोग केले, आणि कुणावर... मला खरंच माहीत नाही.