गप्प बसायची नोकरी

शालिनीताई देवरे गेल्याचा निरोप जळगावच्या आमच्या वृत्तपत्र कचेरीत दुपारी आला. धुळ्याहून त्यांच्या भावाने फोन केला होता. बातमी लिहायला घेतली आणि हुद्द्यापाशी अडलो. नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक, एवढं लिहिता आलं असतं. पण शिकणाऱ्यांना शिकताना नेमकं काय वाटतं, हे आकड्यांत न मोजता त्यांच्याच तोंडून समजून घेणं, हे त्यांचं खरं काम. त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. ताई त्याला 'गप्प बसायची नोकरी' म्हणत.

मुलाखत कशी घ्यावी हे विद्यार्थिनींना सांगायला त्यांनी मला बोलावलं, तिथून ओळख झाली. एका विद्यार्थिनीची मी घेतलेली नमुन्याची मुलाखत ऐकून त्या हसल्या. "भाऊ, तुम्ही उत्तर खिशात घालूनच आलात की." मग त्याच मुलीला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या... मुलगी चहा निवेपर्यंत बोलत राहिली.

एकदा मात्र त्याही चुकल्या. वॉर्डात रुग्णाच्या खाटेशी शिक्षिकांनी त्याच्या आजाराबद्दल प्रश्न विचारले की मुली गप्प का होतात, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. साक्रीकडची कविता तर तोंडच उघडत नसे. तिला तेच वर्ष पुन्हा करायला लावायचं घाटत होतं. ताईंनी मुलींशी बोलून निष्कर्ष काढला, आत्मविश्वास कमी. एरवी निष्कर्ष मुलाखत देणाऱ्यांनाच आधी वाचून दाखवायचा, हा त्यांचा शिरस्ता. या वेळी घाईत अहवाल आधी वरिष्ठांकडे गेला आणि कविताला मागे ठेवायला त्यांना आयतं कारण मिळालं. वाचन मागून झालं, वसतिगृहाच्या ओट्यावर. मुली माना डोलवत होत्या. कविता म्हणाली, "मॅडम, हाई बठ्ठं तुमनं शे. आमनं काहीच नई."

सगळं तुमचंच, आमचं काहीच नाही, हे असं तोंडावर ऐकून शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. ताईंनी कागद खाली ठेवले आणि वाट पाहिली. मग कविता पुन्हा बोलली. "खाटवर आबा ऱ्हातस. त्यासना समोरच, त्यासनं लिव्हर गयं, हाई कसं सांगू?"

मुलींना उत्तरं येत होती. वडीलधाऱ्या माणसासमोर, तो तिथे नसल्यासारखं त्याच्या दुखण्याबद्दल बोलणं त्यांना जमत नव्हतं, इतकंच.

ताईंनी अहवाल मागे घेतला. कॉलेजचं नाव खराब होईल, असं वरिष्ठांनी बजावलं. त्यावर त्या म्हणाल्या, "चुकीची बातमी गेली तर पेपरवालेही खुलासा छापतात. कोपऱ्यात का होईना." मग त्यांनी कवितासाठी वॉर्डात पुन्हा उत्तरं द्यायची एक संधी मागून घेतली. अट एवढीच, की आधी रुग्णाची परवानगी घ्यायची. त्या दिवशी खाटेवर दोंडाईच्याचे एक नाना होते. त्यांनी मान हलवली आणि कविता बोलू लागली. शेवटी शिक्षिकेलाच पुरे म्हणावं लागलं. तिचं वर्ष वाचलं.

कविता आता तिथेच शिकवते. ताईंची कॉलेजातली शोकसभा आटोपून ती वॉर्डात परतली, तेव्हा मीही मागोमाग गेलो. विद्यार्थिनी एका खाटेभोवती उभ्या राहिल्या. कविताने प्रश्न विचारण्याआधीच त्यांतली एक खाली वाकली. "आबा, तुमच्या दुखण्याबद्दल बोलू का?"

आबा उशीला टेकून बसले, चष्मा चढवला.

"बोला ना," ते म्हणाले. "माले बी आयकनं शे."