बॉनेटवर गाल

गोरखपुरात गाड्या चमकवणाऱ्या एका माणसाकडे मी पॉलिशिंग शिकायला गेले, तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते. साठीची अल्लड पोरगी! गाडीपेक्षा स्वतःलाच चमकवायची हौस जास्त.

दर दोन मिनिटांनी तो मशीन बंद करून बॉनेटवर गाल टेकवायचा. मी म्हटलं, “भैया, गाडीवर जीव जडला का?”

“रंग तापला की जळतो, दीदी. तेच बघून राहिलो.”

माझी पाळी आली. मी सगळ्यात जड, सगळ्यात वेगाचं मशीन उचललं. त्याने ते काढून घेतलं आणि हलकं दिलं.

“काहून? बाईमाणूस म्हणून?”

त्याने हात पुढे केले. बोटं पांढरी पडलेली. “वीस वर्षं जडच चालवलं. थरथरीनं बोटं मेली, गरम-थंड कळत नाही. घरी पोरीला ताप आला तरी असाच गाल लावून बघतो.”

“मग तुम्ही काहून नाही हलकं घेत?”

“हलक्यानं दिवसात तीन गाड्या होत नाहीत, दीदी.”

तेवढ्यात पुढची गाडी आत आली. त्याने जड मशीन उचललं आणि चालू केलं. मी हलकं मशीन घेऊन त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूला कामाला लागले.