चेंबरखालचा पत्रा

मुकुंदवाडीच्या गॅरेजात माझी गाडी दुरुस्त होत होती, तेव्हा ती बाई दिसली. पदर खोचून, आपल्या फोर-बाय-फोर जीपखाली उताणी पडून ती इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर चाचपत होती. डोंगरातल्या वस्तीवरची आजारी माणसं ती या जीपमधून शहरात आणायची. मागच्या पावसाळ्यात दगड लागून चेंबर फुटलं, ऑईल सांडलं आणि अडलेल्या बाईला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. म्हणून आता चेंबरखाली बसवायला पत्रा हवा होता.

"ताई, ॲल्युमिनियमचा घ्या, हलका आहे," मिस्त्री म्हणाला.

तिनं तो बोटांनी वाजवून बाजूला ठेवला आणि जाड लोखंडी पत्रा उचलला.

"आमच्या वाटंला दगडं लई. गाडी घासली तरी चालंल, थांबायला नगं."

पत्रा बसवल्यावर तिनं जीप गॅरेजमागच्या दगडांच्या ढिगावर चढवली. खालून धाडकन आवाज आला. आम्ही सगळे धावलो. ती उतरली, वाकून पाहिलं आणि खळखळून हसली. पत्र्यावर नुसता ओरखडा होता.

पुढं भर पावसात ती जीप मला सरकारी दवाखान्याच्या दारात दिसली, चिखलानं माखलेली. जीपशेजारी ती बाई दिसेल त्याला पेढा देत होती. माझ्याही हातावर तिनं ठेवला.

"पोरगी झाली! तिच्या मायला वढ्यातून, दगडांतून आणलं. कुठंच थांबले नाय!"