अर्धी पट्टी

अन्याय झाला तो कान्हे गावच्या पारूमावशींवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्यातल्या एका रुग्णालयात. नव्या पट्टीची चाचणी चालू होती, तीतून त्यांना काढून टाकलं. कारण दिलं, नियम मोडला.

मोडला होता. ते आधीच सांगून टाकतो.

मावशी आमच्या शेजारच्या. तुंगार्लीच्या बाजूला चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईवर उभ्या असत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून मोडायचा. कट्ट वाजला की पाक झाला. हे हाताला इतकं जडलेलं, की मी गावोगाव वाटायला लिहितो ती पत्रकं माझ्याकडून वाचून घेतानाही ती दोन बोटं चालत. "कच्चं हाय," म्हणायच्या. "दाताला चिकटंल. आणखी आटीव."

त्याच उजव्या हातावर उकळता पाक सांडला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. त्या रुग्णालयाने त्यांना चाचणीत घेतलं. पट्टी नॅनोतंतूंची, केसाहून कितीतरी बारीक धाग्यांची जाळी. नवी कातडी त्या जाळीवर चढते आणि जाळी आपोआप विरते. रोज उचकटायची गरज नाही. तळवा भरत आला. तपासणीला पुण्याला जाताना मावशी गाडीत शेजारी बसलेल्या बायकांना हात दाखवत.

कढईवरच्या शांताबाईही त्याच दिवशी भाजल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार, म्हणून चाचणीत घेतलं नाही. कारखान्यात पहिली वडी कुणी एकटं खात नाही, मोडून वाटतात. मावशींनी घरी लावायला दिलेली पट्टी कात्रीने कापली आणि अर्धी शांताबाईंना दिली. मी कपाळाला हात लावला तर म्हणाल्या, "तू पत्रकं वाटतो, मी पट्टी वाटली. तिचंबी कातडंच हाय न्हवं?"

आणि तपासणीला गेल्यावर हे स्वतःच, कौतुकाने, डॉक्टरीणबाईंना सांगून आल्या.

नोंदी बिघडल्या, हे मला कळतं. मग नोंदींतून नाव काढा. पट्टी देणं का बंद केलं? जखम अजून उघडी होती. पुढे साधी जाळीदार पट्टी आली. रोज उचकटताना नवी कातडी तिच्याबरोबर निघायची. हात आखडला. कारखान्याने आधी पुडे भरायला बसवलं, मग घरी.

डॉक्टरीणबाईंना शिव्या घातल्या की मावशी मलाच दटावतात. "ती पोरगी रडत हुती. तिला वरून सांगितलं."

हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. बोटं जुळवायला गेल्या. जुळली नाहीत. हात पदराखाली घेतला.

"अजून कच्चं हाय," म्हणाल्या. "लोकांनी करायचं काय, ते सांग शेवटाला."

सांगतो. उद्या तुमच्या गावात, तुमच्या घरात कुणाच्या जखमेवर नवं औषध करून बघायला लोक येतील. एकच विचारा: चाचणीतून नाव गेलं, तरी जखम भरेपर्यंत पट्टी देणार का? हो म्हणून लिहून दिल्याशिवाय हात पुढे करू नका.