स्पेनला जाण्याआधीची उजळणी

हे गेले त्याला वर्ष होत आलं होतं आणि मी स्पेनला जायची तयारी करत होते. या दोन गोष्टी एका ओळीत लिहायला अजूनही जड जातं.

नगरच्या ज्या कॉलेजात मी शिकवत होते, तिथे परकीय भाषेचा वर्ग काढायचं घाटत होतं. शहरातल्या मिशनमध्ये एक स्पॅनिश फादर होते. त्यांच्याकडे मी आधी हौसेनं, आणि हे गेल्यावर नुसती दुपार ढकलायला म्हणून, स्पॅनिश शिकत होते. चार महिने त्यांच्या भावाच्या घरी घरातलीच होऊन राहावं, म्हणजे भाषा अंगवळणी पडेल, असं त्यांनी सुचवलं. भावजयीचा होकारही आला. मागे राहणार होत्या त्या फक्त सासूबाई. एकुलता एक मुलगा गेलेला, आता सूनही निघालेली. त्यांनी एकदा "जा" म्हटलं आणि पुन्हा विषय काढला नाही. "नको" म्हणाल्या असत्या, तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

फादरांचं मराठी पाथर्डीकडच्या खेड्यांतून हिंडून आलेलं. "आजी, तुमी काळजी करू नका. माझी वहिनी लई मायाळू हाय," ते ओट्यावर बसून सांगायचे. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस गोरा, पण डोळे मिटले की वाटतं, बाजाराला आलेला पाव्हणाच बोलतोय."

भाषा पुस्तकातून येत नाही, जेवताना येते. घरी कुणाला तरी यजमानीण करून रोज सराव करा, असं फादरांनी बजावलं होतं. घरात दुसरं होतं कोण? सासूबाईच स्पेनच्या सेन्योरा झाल्या. संध्याकाळी आम्ही पाट सोडून यांच्या लिहायच्या टेबलाशी समोरासमोर बसायला लागलो. त्या मराठीत विचारायच्या, मी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची. हातात काटा, पुढ्यात थालीपीठ.

"तिकडे रात्री किती वाजता जेवतात म्हणालीस?"

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि दोन्ही हातांची बोटं दाखवली.

"दहाला! मग झोपतात कधी, काकडआरतीला?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. हे गेल्यापासून घरात मोठ्यानं हसलेलं ते पहिलंच. हसणं ओसरल्यावर दोघींनीही खाली पाहिलं.

पण खरी बोच निराळी होती. सेन्योरेचा एक प्रश्न ठरलेला असे : "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी सांगायची, घरी सासूबाई आहेत, मी नगरला शिकवते, अंगणात एक लिंबाचं झाड आहे. वाक्यं बिनचूक. त्यांत हे कुठेच नव्हते. फादरांनाही मी विनवलं होतं, की भावाला माझं काही कळवू नका, वेळ आली की मीच सांगेन. सांगायचा माझा विचार नव्हता. नगरमध्ये मी जाईन तिथे बोलणं थांबायचं, कुंकवाची कोयरी माझ्या अलीकडून वळायची. चार महिने मला कुणाच्या मागे राहिलेली बाई व्हायचं नव्हतं. आणि हे मी यांच्याच आईसमोर बसून, तिला न कळणाऱ्या भाषेत, रोज घोकत होते.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर पुन्हा सरावाला बसलो, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं. सासूबाईंनी ताटली बाजूला सारली.

"त्याचं नाव नाही आलं."

"कुणाचं?"

"कुणाचं काय विचारतेस? बाकी मला काही कळत नाही. पण नाव तर तिकडेही तेच राहतं ना? नगरचं येतं ते कळतं मला. रोज कान देऊन बसते, आज येईल, उद्या येईल."

मी घाईनं म्हटलं, "आई, तुमच्यासमोर यांचं नाव कसं घेऊ?"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलंच तर समारंभात, उखाण्यातून. ती रीत मी पुढे केली, पण मान वर करून नाही.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात, म्हणून घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता काय कमी व्हायचंय? मीही पाळलं. तुझे सासरे गेल्यावर आता घे म्हणून कुणी सांगितलं नाही, ते राहूनच गेलं." मग म्हणाल्या, "तिकडच्यांना सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण इथं त्याला धरून आहोत त्या आपण दोघीच. तूही गाळलंस, तर मी एकटीनं किती धरू?"

मी काटा खाली ठेवला. स्पॅनिशमध्ये 'माझे पती' म्हटलं आणि यांचं नाव घेतलं. स्वतःच्याच आवाजात ते मला परकं वाटलं.

सासूबाई सावरून बसल्या. सेन्योरेच्या आवाजात, पाहुणीच्या नवऱ्याबद्दल विचारावं तशा अदबीनं त्यांनी विचारलं, "हो का? काय करायचे ते?"

मी सांगू लागले. कोर्टात होते, चहा बशीत ओतून प्यायचे, चिडले की काही न बोलता सायकल पुसत बसायचे. शब्द सापडेना तिथे मी अडायची. त्या घाई करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी मिशनमध्ये जाऊन भावाला सगळं कळवा म्हणून सांगितलं. मी गेले, चार महिने राहिले. सासूबाईंना एकटं टाकून गेले, हे मात्र कुठल्याच भाषेत हलकं झालं नाही.