अर्धी कोंबडी मिळणार नाही

नंदुरबारहून प्रकाशाकडे जाताना, तापीचा पूल यायच्या आधी, डाव्या हाताला एक पत्र्याचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार खांब, वर पत्रे, खाली पाच टेबलं आणि मागे डांबराच्या पिंपाचा उभा चिरलेला अर्धा भाग, ज्यात बाभळीचे निखारे असतात. त्या निखाऱ्यांवर एक मावशी कोंबडी भाजते. साठीची, ठेंगणी, बोलायला कंजूष. ओल्या लाल मिरच्या, लसूण आणि काळा मसाला एकत्र वाटून ती कोंबडीला चोळते, सळईवर चढवते आणि पातीच्या कांद्याची जुडी तेलात बुडवून तिच्या अंगावरून अशी फिरवते, जणू बाळाला न्हाऊ घालते आहे. तेल निखाऱ्यावर पडलं की जो वास सुटतो, त्यासाठी मी धर्म सोडून इतर काहीही बदलायला तयार होईन.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "कितला जन शेतस?"

"एकच," मी म्हणालो. "अर्धी द्या."

आता ती बघायला लागली. पत्र्याच्या सावलीत कोंबड्या फिरत होत्या. त्यांच्यातली गिऱ्हाईक सांगेल ती पकडायची, कापायची, भाजायची, अशी तिथली रीत. ती म्हणाली, "भाऊ, अर्धी कापू कशी? उरेल अर्धी काय चालत जाई?"

"मग अख्खी द्या."

"एकलासाठे मी निखारा नही पेटाडस."

शेवभाजी मिळेल म्हणाली. मी शेवभाजी खाल्ली. चांगली होती. पण शेजारच्या टेबलावर शहाद्याकडची सहा माणसं एका कोंबडीचे तुकडे तोडत, एकमेकांच्या ताटातले पंख पळवत बसली होती आणि मी शेव भिजायची वाट बघत होतो. एका माणसासाठी शेव फार लवकर भिजते.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा तिने विचारलं, "कितला जन?" आणि माझ्या तोंडून छातीठोकपणे निघून गेलं, "चार. बाकीना मांगे शेतस."

चार ताटं लागली. निखारे फुलले. मी फोन कानाला लावून म्हणालो, "कुठपर्यंत आलात? तळोदा सोडलं का? बरं बरं, सावकाश या!" आणि कोंबडी आली, अख्खी, माझ्या एकट्यासमोर. मी मधूनमधून घड्याळ बघून मान हलवत होतो. शेवटी, "काय माणसं आहेत!" असा हताश उद्गार काढून उरलेली कोंबडी पिशवीत बांधून घेतली. मी एकेकाळी गावच्या नाटकात कामं केली आहेत. पण इतकं मन लावून कधीच केलं नव्हतं.

माझा धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. मंगळ बाजाराजवळ छोटं दुकान आहे. गेली कित्येक वर्षं मी जिल्ह्यातल्या लोकांची लग्नं छापतो. माझं स्वतःचं छापायचं राहून गेलं. कारण विचारू नका, विचारलंत तर दरवेळी वेगळं सांगतो आणि प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा चांगली असते. वरच्या मजल्यावर घर. घरात मी आणि बरण्या.

बरण्यांचं सांगतो. डोंगराकडच्या बाजारातून मी वाळलेली मोहाची फुलं आणतो, दुकानातली साधी व्होडका आणतो आणि दोघांना गूळ, बडीशेप नि संत्र्याच्या सालीबरोबर एका काचेच्या बरणीत कोंडून ठेवतो. काही आठवड्यांनी जे बाहेर येतं ते मधाच्या रंगाचं असतं, आणि त्याला जुन्या कपाटासारखा, पावसाआधीच्या गोठ्यासारखा, गुळासारखा, असा एकाच वेळी तीन घरांचा वास येतो. बोरांची एक बरणी आहे, आमचुराची एक आहे. मिरचीचीही एक होती. तिच्याबद्दल मला बोलायचं नाही, बेसिनलाही बोलायचं नाही. मोहाच्या अर्कात लिंबू पिळून, सोडा घालून, ग्लासाच्या कडेला मीठ आणि आपली नंदुरबारी मिरचीपूड लावली की जे पेय होतं, त्याला मी 'पथारी' नाव दिलं आहे. गावाबाहेर मैदानांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांची पथारी ज्याने बघितली आहे, त्याला ग्लासाची ती लाल कडा बघितल्यावर हसू यायलाच हवं.

हसू यायला माणूस हवा, एवढीच अडचण. अशा गोष्टी एकट्याला कळत नाहीत. गूळ जास्त झाला का? बडीशेप पुढे पुढे करते आहे का? आपणच बनवायचं, आपणच प्यायचं आणि आपणच "वा!" म्हणायचं, यात त्या "वा"ला काही दम राहत नाही. आधी यायची चार-सहा माणसं. एकाची बदली झाली, एकाला साखर निघाली, एक मुलाकडे सुरतेला गेला. माझे किस्से त्यांना पाठ होते, ही त्यांची तक्रार होती. पाठ असलेल्या किश्श्याला हसणारी माणसं किती दुर्मीळ असतात, हे तेव्हा मला कळायचं नाही.

तर रविवार. मी एस.टी.ने जायचो, म्हणजे परत येताना हँडलची काळजी नको. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मोहाचा अर्क असायचा. हॉटेलात पाटी होती, 'येथे दारू पिण्यास मनाई आहे'. मावशीने बाटली पकडली, बोट बुडवून चाखलं, डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "हाई दारू नही. हाई ते मुरांबा शे." कलावंत म्हणून मी त्या दिवशी जखमी झालो. पण परवानगी मिळाली.

माझ्या तीन न येणाऱ्या मित्रांना हळूहळू स्वभाव फुटले. एक डॉक्टर होता, ऐन वेळी पेशंट यायचा. एक सुरतवाला, त्याची गाडी नेहमी नवापूरला बंद पडायची. तिसरा एक सर, अतिशय चिकट, त्याची बायको सोडायची नाही. मावशी ताटं लावता लावता विचारायची, "डॉक्टरले आज बी पेशंट?" मी म्हणायचो, "काय सांगू मावशी, लोक रविवारीच पडतात." ती ताटं उचलायची. सरांची बायको मला पुढे पुढे खरोखरच आवडेनाशी झाली. एकदा घरी बसून मी तिचा राग राग करत होतो, मग लक्षात आलं की ती नाहीच आहे.

एका रविवारी दुपारी मी असाच फोनवर सुरतवाल्याला झापत होतो. "अरे, नवापूरला मेकॅनिक नाही का? येताना फरसाण आण मग!" मावशी ठेच्याची वाटी घेऊन आली. वाटी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, या पत्रानाखाले रेंज नही येत."

मी फोन कानालाच धरून होतो.

"मन्ही पोरले फोन करना व्हई ते मी त्या निंबना झाड जोडे जास."

रस्त्यापलीकडे लिंबाचं झाड होतं. तिथे खरंच एक ट्रकवाला उभा राहून फोनवर ओरडत होता. इतक्या रविवारांत मी ते झाड कितीदा बघितलं असेल, आणि तिथे उभं राहून ओरडणारी माणसंसुद्धा. त्यांना तिथे का जावं लागतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्हाले कधीपाईन माहीत?" मी विचारलं.

"पहिलाच दिनपाईन."

"मग बोलल्या का नाहीत?"

तिने फडक्याने टेबल पुसलं. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. "माले वाटनं, येई कोनी ना कोनी."

रंगमंचावर वाक्य विसरलं की नट पाणी पितो. मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, "मी इतली जीव लाईसन भाजस. तुम्ही दोन तुकडा खातस आनि पिशवीमा भरतस. निखारावरनी कोंबडी पिशवीमा दुसरांदा मरस. आते बस. एक तरी खरा मानूस आना, मंग पेटाडसू."

म्हणजे प्रश्न सोपा होता. सगळ्या नंदुरबार जिल्ह्यात रविवारी दुपारी माझ्याबरोबर अर्धी कोंबडी खाईल असा एक माणूस शोधायचा.

ब्राह्मणपुरीला मोठ्या भावाला फोन केला. तो शेती बघतो. म्हणाला, "अरे, तुझ्या वहिनीने माळ घातली. आता घरात अंडंसुद्धा येत नाही. तू इकडे ये ना, वरण-बट्टी कर म्हणतो तिला."

"दादा, तू बाहेर खा की. तिला कोण सांगतंय?"

"तू सांगशील," भाऊ म्हणाला. "तुझ्या पोटात गोष्ट राहते का?"

हे अगदी खरं होतं. शाईवाल्या एजंटला विचारलं; तो जिमला जातो आणि कोंबडी उकडून, मीठ न घालता खातो. त्याच्याबरोबर जेवण्यापेक्षा मी सरांच्या बायकोबरोबर जेवलो असतो. एका नवरदेवालाही विचारलं, त्याच्या पत्रिकेचं प्रूफ दाखवताना. त्याला वाटलं दुकानाची काहीतरी स्कीम आहे.

शेवटी राहिला शेठ. मिरचीचा व्यापारी, माझ्याच वयाचा, दुकानाच्या मागच्या गल्लीतलं जुनं मुसलमान घराणं. आम्ही शाळेपासूनचे. रोज सकाळी टपरीवर चहा, बोलणं थोडं, शिव्या जास्त. तो लगेच म्हणाला, "येतो की. विचारायला इतकी वर्षं का लावली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते किश्शासारखं सांगता येत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

रविवारी आम्ही एस.टी.तून उतरलो. मी शेठला वधूसारखा पुढे केला. "मावशी, खरा मानूस!" मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, अगदी चिमटा काढून बघायची तेवढी बाकी ठेवली, आणि निखारे पेटवायला वळली.

तेव्हा शेठ माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, मी तिची कोंबडी नाही खाऊ शकणार. हलाल नाही ना."

मी या माणसाला चाळीस-एक वर्षं ओळखतो. त्याच्या घरी ईदला जेवलो आहे. आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मला फक्त एक खुर्ची भरायची होती.

"आधी का बोलला नाहीस?"

"तू बोलू देशील तर ना! एस.टी.त सगळा वेळ तूच बोलत होतास."

मावशीने तोडगा काढला. सुरी पुढे करून शेठला म्हणाली, "मंग तुम्हीच कापा."

शेठ दोन पावलं मागे सरकला. "मावशी, मी मिरच्या विकतो. माझ्याच्याने डास मरत नाही."

मावशी पहिल्यांदा हसली. मग एक ताट कोंबडीचं आणि एक शेवभाजीचं लागलं. पुन्हा अख्खी कोंबडी माझ्या एकट्यासमोर! शेठ दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर शेवभाजी ओरपत होता, ठेचा मागून घेत होता, आणि वाटलेल्या मिरचीचा वास आला की "ही आपल्याकडची नाही, मावशी, तुम्हाला फसवलं" असं म्हणत तिला चिडवत होता. "चला, आमच्याकडनं माल घ्या," म्हणाला. ती म्हणाली, "तुम्ही बी फसाडशात." दोघांचं छान जमलं.

मी औषधाची बाटली काढली. तोही दरवाजा बंदच. शेठ पीत नाही. पण त्याने बाटली हातात घेतली, बूच काढलं आणि डोळे मिटून नाकाशी धरली. बराच वेळ. मिरचीच्या गोदामात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या नाकात काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बडीशेप जरा कमी कर," तो म्हणाला. "बाकी, लहानपणी आमच्या अम्मीच्या पेटीला असा वास यायचा."

एवढंच. बरण्यांबद्दल कित्येक वर्षांत मला कोणी एवढं सांगितलं नव्हतं. मी माझा सगळ्यात चांगला किस्सा सुरू केला, गावच्या नाटकात माझी मिशी खलनायकाच्या गालाला चिकटली तो. मध्यावर आलो तर शेठ पुढचं वाक्य माझ्या आधी बोलला, आणि दोघांना इतकं हसू आलं की मावशी चुलीपासून बघायला आली.

परतीच्या एस.टी.त त्याने सांगितलं की आता मिरचीचा हंगाम सुरू होईल, रविवारीही आवकीकडे बघावं लागतं, पोरं ऐकत नाहीत. "पुढं बघू," म्हणाला. त्याच्या मांडीवर उरलेल्या कोंबडीची माझी पिशवी होती. गरम होती म्हणून त्याने ती रुमालावर धरली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच गेलो. फोन घरी ठेवला होता. बाटलीत बडीशेप कमी केलेला नवा अर्क होता.

"कितला जन?" मावशीने विचारलं.

"एक."

ती थांबली. मला वाटलं, आता शेवभाजी. पण तिने एका टेबलाजवळची खुर्ची ओढून पत्र्याच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवली.

"बठा मंग. अर्धी मांगनारा कोनी उना ते पेटाडसू."

मी बसलो. नंदुरबारकडून एक मोटारसायकल आली. नवरा-बायको आणि मध्ये पोरगं. हळू झाली. मी उभाच राहिलो. नवऱ्याने पत्र्याकडे बघितलं, बायकोने त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि ती पुढे प्रकाशाकडे, देवाला गेली. मग एक रिकामा ट्रक. मग बराच वेळ काही नाही.

पायाशी एक लालसर कोंबडी दाणे टिपत होती. ठरली असती तर बहुधा तीच. ती थांबून, मान तिरकी करून रस्त्याकडे बघायची, मीही बघायचो. आमच्या दोघांच्या प्रार्थना अगदी उलट्या होत्या, आणि त्या दुपारी देव तिचंच ऐकत होता. मी तिला मिशीचा किस्सा सांगायला घेतला. तिने तो आधी ऐकलेला नव्हता.